रसमच्या पुडीला कुलूप

आमच्या बेंगळुरूच्या मंडळाच्या दिवाळी अंकात डॉक्टर लिहितात, वकील लिहितात, परदेशी मुलांकडे जाऊन आलेले आजी-आजोबा तर लिहितातच. यंदा संपादकबाई मला म्हणाल्या, "शारदाताई, तुम्ही एवढी वर्षं कॉम्प्युटरमध्ये काय केलंत ते लिहा की. पण आम्हाला कळेल असं लिहा." ही अट ऐकून माझं डोकंच फिरलं. कळेल असं म्हणजे काय? माझ्या नवऱ्याला उभ्या संसारात कळलं नाही मी काय करते ते. लोकांनी विचारलं की तो सांगायचा, "ही कुलपं करते." आधी मला राग यायचा. पुढे लक्षात आलं, इतकं नेमकं दुसऱ्या कुणीच सांगितलेलं नाही.

तर मी कुलपं करायची. खरं म्हणजे करायचीसुद्धा नाही, दुसऱ्यानं केलेली बोलावून आणायची. आमची कंपनी लहानशी, यशवंतपूरच्या बाजूला. गिऱ्हाइकंही तशीच, वकील, पॅथॉलॉजी लॅब, पतपेढ्या, छोटे कारखाने. त्यांची माहिती इकडून तिकडे जाताना कुणी वाचू नये म्हणून तिला कुलूप लावायचं. या कुलपाचं गणित महाकठीण असतं. जगातल्या हुशार लोकांनी ते करून ठेवलंय आणि फुकट वाटलंय. पण त्यांच्या अवजाराला ना चित्र, ना बटण. काळ्या पडद्यावर एका ओळीत हुकूम टाइप करायचा, की ते काम करणार. वकीलसाहेब काही काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करत बसणार नाहीत. म्हणून आम्ही त्यांना छान बटणं असलेला प्रोग्राम करून द्यायचो, आणि बटण दाबलं की आमचा प्रोग्राम आतल्या आत त्या अवजाराला हाक मारायचा. "ही फाइल घे, कुलूप लाव, परत दे."

घरी सत्यनारायण असला की आपण पोथी पाठ करतो का? गुरुजींना बोलावतो. तसंच हे. फक्त एक गोम आहे. गुरुजी मध्येच विचारतात, "गोत्र?" यजमान समोर बसलेला असेल तर सांगेल. पण यजमान गुरुजींना खोलीत बसवून, दार ओढून बाजारात गेला असेल तर? गुरुजी हातात पळी धरून बसून राहणार. घरचे बाहेर प्रसादाची वाट बघत ताटकळणार. माझ्या नोकरीतली निम्मी दुखणी या एकाच जातीची होती.

बाकीची निम्मी गिऱ्हाइकांची. एका वकिलांनी फाइलीला नाव दिलं होतं, 'मृत्युपत्र अंतिम खरंच अंतिम'. आता हुकूम एका ओळीत जातो, आणि मध्ये मोकळी जागा आली की अवजाराला वाटतं पुढचा शब्द म्हणजे दुसरी फाइल. त्यानं 'मृत्युपत्र' शोधलं, सापडलं नाही. 'अंतिम' शोधलं, सापडलं नाही. मग 'खरंच' शोधायला लागलं. वकीलसाहेब फोनवर मला, "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर माझ्या अशिलाच्या मृत्युपत्रावर शंका घेतंय!" आणखी एक पतपेढीचे व्यवस्थापक होते. नवी किल्ली घडवताना अवजाराला थोडी अंदाधुंदी लागते, म्हणून ते सांगतं, माउस वेडावाकडा हलवा. साहेब सरळ रेषेत, शिस्तीत, डावीकडून उजवीकडे हलवत बसले. मी म्हटलं, "साहेब, वेड्यासारखा हलवा." तर म्हणाले, "स्टाफ बघतोय."

पण मला सांगायचंय ते पद्मक्कांबद्दल. पद्मक्का म्हणजे इथल्या जुन्या मराठी घराण्यातल्या. यांचे पूर्वज कधी आले ते यांनाही नीट ठाऊक नाही, घरात मराठी बोलतात पण निम्मी कानडी फोडणी घालून. वय सत्तरीच्या पुढे, आवाज खणखणीत. त्यांचा यशवंतपूरला मसाल्याचा कारखाना. सांबारची पुडी, रसमची पुडी; पुडी म्हणजे कानडीत पूड. त्यातली रसमची पुडी अशी, की एकदा वापरली की माणूस दुसऱ्या पुडीला हात लावत नाही. मी सांगलीची, आमटीवर वाढलेली, तीसुद्धा बाटले.

त्या पहिल्यांदा ऑफिसात आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधी म्हणाल्या, "माझ्या पुडीला कुलूप पाहिजे."

मी म्हटलं, "अक्का, आम्ही फाइलींना लावतो, पुड्यांना नाही."

"तेच गं! प्रमाण किती ते कुणाला कळू नये. माझा मैदुना आहे ना, माझा दीर, त्यानं रस्त्यापलीकडे कारखाना काढलाय. माझी माणसं फोडतो तो."

प्रमाण विचारलं तर त्यांनाच माहीत नव्हतं! बाई आकड्यांत मसाला करतच नव्हत्या. ब्याडगी मिरचीचा माल दर खेपेला वेगळा, कधी तिखट, कधी नुसती लाल. धण्यांचं तसंच. म्हणून त्या रोज सकाळी घरी एका पातेल्याची पुडी करायच्या, चिमूट चिमूट टाकत, वास घेत. नाकानं "सरी", म्हणजे बरोबर, म्हटलं की झालं. मग तेच कारखान्यात हजारपट. आतापर्यंत त्या स्वतः जाऊन, सगळ्यांना बाहेर काढून, वजनं लावायच्या. आता गुडघे बोलायला लागले होते.

आम्ही त्यांच्या घरी कॉम्प्युटरला एक लहान वजनकाटा जोडून दिला. अक्का टाकत जाणार, काटा मोजत जाणार, आकडे पडद्यावर दिसणारच नाहीत. शेवटी अक्कांनी आपला पासवर्ड घातला की आमचा प्रोग्राम अवजाराला हाक मारणार, अवजार त्या आकड्यांना कुलूप लावणार आणि वर अक्कांची मोहोर उठवणार. फाइलीला नाव त्या दिवसाच्या तारखेचं. कारखान्यातला कॉम्प्युटर आधी मोहोर बघणार, अक्कांची असली तरच कुलूप उघडणार आणि मिश्रणाच्या मशीनला वजनं सांगणार. काम झालं की तिथले उघडे आकडे पुसायचे, तारखेची रिकामी फाइल तेवढी ठेवायची, कुठल्या दिवसाचा माल झाला ते कळावं म्हणून.

"आणि पडद्यावर कुणालाही काही दिसता कामा नये," अक्कांनी बजावलं. "कुणालाही म्हणजे कुणालाही."

तेव्हा दारात त्यांची सून वसुधा कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. कारखाना खरा तीच चालवायची. माल, माणसं, गाड्या, सगळं तिच्या अंगावर. तिनं कॉफी ठेवली आणि बाहेर गेली. मी मनात म्हटलं, बाई गं, दिराचं नाव पुढे करून हे कुलूप भलत्याच दाराला लावतेयस. पण कुलूपवालीनं घरात डोकावू नये. मी पुढच्या कामाला लागले.

दोन भांडणं मात्र झाली. पहिलं माझ्या साहेबांशी, अक्कांच्या देखतच. अवजाराला हुकूम देताना एक जादा शब्द जोडता येतो. त्याचा अर्थ, "तू काहीही विचार, माझं उत्तर हो." साहेब म्हणाले, "घालून टाका, कटकट नको." मी म्हटलं, मुळीच नाही. न ऐकता हो म्हणणारा माणूस आणि प्रोग्राम, दोन्ही मला चालत नाहीत. दुसरं भांडण अक्कांशी. प्रोग्राम अवजाराला हाक मारायचा तेव्हा पडद्यावर क्षणभर काळी चौकट चमकून जायची. अक्का म्हणाल्या, "शारदा, शुभ कामाच्या सुरवातीला हे काळं कसलं? लपव ते." इथं मी हरले. चौकट लपवली. गुरुजींच्या खोलीचं दार ओढून घेतलं म्हणा ना.

दिवस बरे चालले होते. मग आला दसरा. आयुधपूजा बेंगळुरूत कशी करतात ते तुम्हाला सांगायला नको. दुचाकीपासून विमानाच्या कारखान्यापर्यंत सगळ्याला हार. अक्कांच्या कारखान्यातला मशीनवाला मंजुनाथ या बाबतीत भलताच भाविक. आदल्या वर्षी त्यानं कीबोर्डवर मूठभर कुंकू वाहिलं होतं आणि दोन अधिक दोन टाइप करायला मला स्क्रू खोलावे लागले होते. म्हणून त्या वर्षी मी दम दिला होता, "कॉम्प्युटरला बोट लावलंस तर बघ." त्यानं चक्क्या पूजल्या, गाड्या पूजल्या, स्टेपलरसुद्धा पूजला. कॉम्प्युटर तेवढा कोरा राहिला.

सुट्टी संपून कारखाना उघडला त्या सकाळी वसुधाचा फोन. "शारदाक्का, मशीन हलतच नाही. अत्तेंची फाइल येऊन पडलीय, आणि पुढे काही नाही." अत्ते म्हणजे कानडीत सासू. "दिवाळीचा माल आहे हो. आज मिश्रण नाही झालं तर गाड्या रिकाम्या जातील."

रिक्षा करून पोचले, तर दारात मंजुनाथ कोहळा घेऊन उभा. चेहऱ्यावर 'मी सांगत नव्हतो?' असं लिहिलेलं. "मॅडम, पूजा केली नाही, मशीन रुसलंय. अजून वेळ गेलेली नाही."

"मंजुनाथ, मशीन रुसत नाही. मी रुसते."

वसुधा मला खुर्ची देऊन बाहेर माल बघायला गेली. मी सगळं तपासलं. वायर ठीक. फाइल ठीक. मोहोर अक्कांचीच. मग वाटलं, ती काळी चौकट एकदा उघडी करून बघू. केली. आत आपले गुरुजी पळी घेऊन बसलेले! अवजारानं सकाळीच प्रश्न विचारला होता आणि निमूट वाट बघत होतं. प्रश्न असा, "या नावाची फाइल आधीच आहे. तिच्यावरच लिहू का?"

हा प्रश्न कधी आलाच नव्हता. येणार कसा? रोज नवी तारीख, रोज नवं नाव. मी नाव वाचलं. तारीख गेल्या वर्षीची होती, दसरा झाल्यावरच्या दिवसाची. म्हणजे अक्कांनी आज पुडी केलीच नव्हती. घरच्या कॉम्प्युटरवर राहिलेली जुनी कुलूपबंद फाइल उचलून पुन्हा पाठवली होती. मोहोर तिच्यावर आधीच होती, पासवर्डसुद्धा लागला नसेल.

वसुधा पाठीमागे आली. "काय निघालं?"

मी चौकट झटकन मिटली. "घरी जाऊन बघावं लागेल," म्हटलं आणि निघाले. कोपऱ्यातून मंजुनाथचा आवाज आला, "तोवर मी कोहळा फोडू का?" मी म्हटलं, "फोड बाबा." पुढे मशीन सुरू झालं तेव्हा सगळं श्रेय त्यानं कोहळ्याला दिलं. दर वर्षी आता कॉम्प्युटरपुढे एक कोहळा फुटतो आणि माझी पदवी गुमान बघत राहते.

अक्कांच्या घरात पाऊल टाकलं आणि खोकलाच आला. करपल्याचा दर्प नुसता. अक्का हॉलमध्ये वजनकाट्यासमोर शांत बसलेल्या.

"अक्का! काहीतरी जळतंय!"

"हो का?" त्या म्हणाल्या. नुसतं 'हो का'. जिला चार घरं पलीकडे मोहरी जास्त तडतडली तर कळायचं, ती बाई!

मी धावत जाऊन गॅस बंद केला. पातेल्यात दुधाचा कोळसा. परत येऊन त्यांच्यासमोर बसले. विचारायचं एवढंच उरलं होतं.

"कधीपासून?"

"नवरात्रात ताप आला होता ना, त्या साथीचा." त्या काट्याकडे बघत बोलत होत्या. "ताप गेला. वास घेऊन गेला. हिंगाची डबी नाकाला लावते, शारदा, काही नाही. माती नाकाला लावल्यासारखं. डॉक्टर म्हणतो, येईल, नाही तर नाही येणार." मग एकदम माझा हात धरला. "तुझं ते मशीन का अडलं? तीच फाइल आहे ना? गेल्या साली सगळ्यांनी वाहवा केली होती त्या मालाची!"

मी सांगितलं, अवजार विचारतंय, जुन्यावर लिहू का.

"मग हो म्हण त्याला! काय ते तुझा साहेब सांगत होता, हो म्हणायचा शब्द, तो घाल. आज घाल, रोजचाच घाल. कोण विचारतंय?"

खरं सांगते, घालता आला असता. एक शब्द. मशीन सुरू, गाड्या भरल्या, अक्कांचं गुपित माझ्याजवळ. पण माझं तोंड सुटलं. "अक्का, मिरची गेल्या सालची आहे का? तुम्हीच म्हणता, दर खेपेचा माल वेगळा. गेल्या सालचं नाक या सालच्या मिरचीला कसं लावणार? दोन महिन्यांत लोक पलीकडच्या कारखान्यात जातील."

"ठाऊक आहे मला!" त्या ओरडल्या. मग आवाज खाली आला. "तुला वाटतं मला ठाऊक नाही? पण सांगू कुणाला? वसुधाला? आज सगळं घर मला विचारून चालतं ते या नाकापायी. नाक नाही म्हटल्यावर म्हातारीला कोण विचारतो? कोपऱ्यात बसवतील, स्वल्प भात वाढतील." एवढ्या खणखणीत बाईचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा बघितले. माझा सगळा राग उतरला.

"मी कुलूपवाली आहे," मी म्हटलं. "चहाडी करायची नाही. पण तो शब्दही घालायची नाही. तुम्हीच ठरवा."

ठरवायला सवड मिळालीच नाही. बाहेर रिक्षा थांबली आणि वसुधा आत आली. उंबऱ्यात थबकली, नाक वर केलं, सरळ स्वयंपाकघरात गेली. पातेलं नळाखाली धरल्याचा आवाज आला. ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि सासूसमोर उभी राहिली.

"अत्ते, तीन दिवस झाले, सारात हिंग दुप्पट पडतोय. मला वाटलं, तापामुळे तुमच्या तोंडाची चव गेली असेल. म्हणून बोलले नाही."

"खाल्लंस कशाला मग?" अक्का फणकारल्या.

"तुम्ही वाढलंत म्हणून!"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले, कारण तिथून उठून जाणंही बरं दिसलं नसतं. शेवटी अक्कांनी काट्यापुढची मिरचीची वाटी उचलली आणि वसुधापुढे धरली.

"घे. कुठं लागतो वास? नाकात, की घशात?"

वसुधानं हुंगलं. "आधी नाकात. मग इथं, कानाच्या मागे."

"कानामागे गेला म्हणजे तिखट आहे ही. धणे वाढव. अजून. आता?"

"आता जरा गोडसर येतोय."

"गोडसर म्हणजे कसा? गुळासारखा की भाजलेल्या खोबऱ्यासारखा? नीट सांग गं, मी काय तुझ्या नाकात शिरू?"

"खोबऱ्यासारखा."

"सरी. आता मिरी. भीत भीत टाक. मिरी टाकताना भीती पाहिजे."

असं चाललं. एकीचं नाक, दुसरीचं डोकं. वसुधा चुकली की अक्का कपाळावर हात मारायच्या, आणि चिमूट बरोबर पडली की पुढचा डबा सरकवायच्या. मला काही काम नव्हतं, मी शिंकत बसले होते. शेवटी वसुधानं डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "अत्ते, हा तुमचा वास आहे." अक्कांनी तोंड फिरवलं आणि पदरानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसत होत्या.

मग मला म्हणाल्या, "शारदा, मोहोर."

"घाला पासवर्ड."

"माझी कशी चालेल? वास तिनं घेतला. तिची मोहोर कर. आणि तुझ्या कारखान्यातल्या मशीनला सांग, हिचीसुद्धा चालेल म्हणून."

वसुधा माझ्याकडे बघायला लागली. हे मोहोर प्रकरण त्या घरात काय चीज आहे ते मला ठाऊक होतं. मी अवजाराला हाक मारली, नाव घातलं, आणि काळी चौकट मुद्दाम उघडी ठेवली. चौकटीनं विचारलं, पासवर्ड.

"आता तुझा तू घाल, वसुधा. कुणाला सांगायचा नाही. मलाही नाही."

अक्का गुडघे धरून उठल्या. आपली खुर्ची ओढत भिंतीशी नेली, पाठ आमच्याकडे करून बसल्या. "मी बघत नाही. आणि वास तर येतच नाही. घाल."

वसुधाची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. दोन अक्षरं दाबली, खोडली. मग मान वळवून हळूच म्हणाली, "अत्ते, मोठा घाला म्हणतंय हे. काय घालू?"

"अय्यो, मला काय विचारतेस!" भिंतीकडे तोंड करूनच पद्मक्का कडाडल्या. "मला कळू नये म्हणून तर इथं बसलेय!" आणि खुर्ची आणखी पुढे सरकवून त्यांनी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले.